जज्जसाहेब कशात ग्रॅज्युएट?

समुद्रपुरात समुद्र नाही. वर्धा जिल्ह्याच्या नकाशावर हे तालुक्याचं गाव पाहून एखादा मुंबईकर हुरळला आणि पोहण्याचे कपडे पिशवीत टाकून जामच्या चौरस्त्यावर उतरला, तर त्याच्या स्वागताला कापसाचे ट्रक, सोयाबीनची पोती आणि चहाची टपरी एवढंच असतं. गावकऱ्यांना याचं काही वाटत नाही. नाव एक आणि माल दुसरा, हे त्यांनी केव्हाच पचवलंय. एका बाबतीत मात्र हीच शहाणी माणसं नावावरून माल ओळखायला बसतात. पोराला वकील करायचं आणि जमलं तर पुढे जज्ज करायचं असं घरात ठरलं, की पहिला प्रश्न येतो, आधी त्याला ग्रॅज्युएट कशात करायचं?

दर जून-जुलैत, गुणपत्रिका हातात पडल्या की हा खटला चहाच्या टपरीवर उभा राहतो. वादी म्हणजे बाप. प्रतिवादी म्हणजे पोरगा. तो शेजारी बसूनही गैरहजर असतो, कारण मान मोबाइलमध्ये असते. न्यायासनावर अर्जनवीस, कारण टपरीवरची एकुलती एक धड खुर्ची त्याने पटकावलेली असते.

"पोराले आर्ट्सले टाक," अर्जनवीस निकाल देतो. "वकिलाले बोलता आलं पाह्यजे."

"काहून? कॉमर्सले टाका न. सारे भांडनं पैशाचेच तर असते."

"आन् मंग पोस्टमार्टमचा रिपोर्ट कोन वाचन? सायन्सच पाह्यजे."

इतका वेळ बशीतला चहा फुंकत बसलेला चौथा गडी तेव्हा तोंड उघडतो. "ॲग्रीले टाका जी. आपल्या कोर्टात अर्धे दावे तं धुऱ्याचेच हायेत."

धुरा म्हणजे शेताचा बांध. सगळे हसतात. पोरगाही मान वर करून हसतो. गंमत अशी, की त्या टपरीवर सगळ्यांत अचूक बोललेला माणूस तो चौथाच असतो.

मुंबई उच्च न्यायालयात १९५७ ते १९६९ न्यायमूर्ती असलेले विठ्ठल महादेव तारकुंडे हे शेतकी कॉलेजचे पदवीधर होते. सासवडचा हा मुलगा १९२५ साली मॅट्रिकला अख्ख्या मुंबई इलाख्यात पहिला आला. त्या काळच्या इलाख्यात गुजरात होता, सिंध होता. म्हणजे कराचीच्या पोरांनाही मागे टाकून पहिला. असा मुलगा हाती लागल्यावर कोणतंही मराठी घर त्याला संस्कृत किंवा गणिताच्या हवाली करतं. तारकुंडे गेले पुण्याच्या शेतकी कॉलेजात. तिथेही पहिले आले, सुवर्णपदक घेतलं, मग विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नादाने राजकारणात पडले, त्यातून बाहेर आले, वकिलीत जम बसवला, न्यायमूर्ती झाले, आणि ती खुर्चीही मुदतीआधी सोडून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात वकिली करायला निघाले. आणीबाणीच्या काळात जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर नागरी हक्कांची चळवळ उभी करणाऱ्यांत ते पुढे होते. माती, खत, बियाणं आणि मूलभूत हक्क हे सगळं एकाच डोक्यात नांदू शकतं याचा हा पुरावा. मराठी माणसाने तो नीट जपलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा कायदा काय म्हणतो ते एकदा पाहायला हरकत नाही. राज्यघटनेच्या २१७ व्या कलमानुसार उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला भारताचं नागरिकत्व लागतं आणि दहा वर्षं उच्च न्यायालयातली वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पद लागतं. वकिलीआधी तुम्ही पानिपत शिकलात की पीकसंरक्षण, याबद्दल घटना मौन पाळते. सर्वोच्च न्यायालयासाठी १२४ व्या कलमात तर आणखी एक खिडकी ठेवलेली आहे, वकिलीचा अनुभव नसलेल्या 'विख्यात विधिज्ञा'साठी. १९५० पासून त्या खिडकीतून एकही माणूस आत गेलेला नाही. ही घटना लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर स्वतः मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते आणि रुपयाच्या प्रश्नावर लंडनची डॉक्टरेट मिळवलेले होते, हे लक्षात घेतलं की हे मौन उमगतं. दुसऱ्याच्या शाखेची चौकशी त्यांनी कशाला करावी?

शाखेची चौकशी सुटली म्हणून शाखा सुटते असं मात्र नाही. हळदीच्या डागासारखी ती काळ्या कोटाखाली राहते आणि निकालपत्रात कुठेतरी उमटतेच.

सुरुवात रानड्यांपासून करावी लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले. किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. हल्ली एवढी मुलं एका दुचाकीवर बसून परीक्षेला येतात. रानडे मग एम.ए. झाले, एल्एल.बी. झाले आणि मधल्या काळात एल्फिन्स्टन कॉलेजात इतिहास, अर्थशास्त्र, इंग्रजी असं समोर येईल ते शिकवत राहिले. न्यायखात्यात गेल्यावर कोणी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली असती. रानड्यांनी ती टेबलावरच ठेवली. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १८७९ साली झालेल्या कायद्याखाली ते पुढे विशेष न्यायाधीश होते. सावकाराची वही आणि कुणब्याचा अंगठा यांच्यामधलं अर्थशास्त्र त्यांनी गावोगावच्या कोर्टांतून फिरून तपासलं. हिंदी अर्थशास्त्रावरचे त्यांचे निबंध आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ, दोन्ही ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती असताना छापून आले. म्हणजे साहेब दिवसा अपिलं ऐकत आणि उरलेल्या वेळात अभ्यासक्रम पुरा करत.

१८९३ साली रानडे हायकोर्टात ज्यांच्या रिकाम्या जागेवर गेले ते काशिनाथ त्रिंबक तेलंग तर आणखी मजेदार. तेलंग संस्कृतातले. आल्ब्रेख्ट वेबर नावाच्या जर्मन पंडिताने असा शोध लावला होता, की रामायणावर होमरची छाया आहे. म्हणजे वाल्मीकींनी ग्रीकांच्या वहीत डोकावून पाहिलं. तेलंग त्या वेळी विशीतले. १८७३ साली त्यांनी या आरोपाला तपशीलवार उत्तर दिलं. न्यायमूर्ती होण्याच्या सोळा वर्षं आधी तेलंगांनी लढवलेला हा खटला, अशील वाल्मीकी, फी शून्य. पुढे मॅक्स म्युल्लरच्या प्राच्य धर्मग्रंथमालेसाठी त्यांनी भगवद्गीता इंग्रजीत आणली, ती १८८२ साली निघाली. १८८९ साली ते मुंबई हायकोर्टावर गेले, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. रणांगणावर ऐन वेळी एक पक्ष 'मी लढत नाही' म्हणून रथात बसून राहतो आणि दुसरा अठरा अध्याय युक्तिवाद करतो, त्या ग्रंथाचं भाषांतर केलेल्या माणसाला वकिलांच्या लांबलेल्या भाषणांचा कंटाळा येत नसावा.

संस्कृतचा हा धागा पुढे थेट दिल्लीपर्यंत जातो. साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर १९२४ साली डेक्कन कॉलेजातून संस्कृत घेऊन एम.ए. झाले आणि १९२६ साली पुण्याच्या लॉ कॉलेजातून एल्एल.बी. घरात शास्त्रीपण आधीपासूनच होतं. भाऊ अश्वत्थामाचार्य एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतचे प्राध्यापक. 'दत्तकमीमांसा' हा दत्तकविधानावरचा जुना ग्रंथ संपादित करणारा हा तरुण १९६४ साली भारताचा सरन्यायाधीश झाला. संस्कृत शिकून पोटाला काय मिळतं, असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर कात्रण करून ठेवण्याजोगं आहे.

आणि ते संस्कृत कामाला कधी यावं? निवृत्तीला दोनच महिने उरलेले असताना. स्वामीनारायण पंथाच्या सत्संगींनी दावा लावला होता, की दलितांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आमच्या मंदिरांना लागू होत नाही, कारण आमचा पंथ हिंदू धर्माहून वेगळा आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं आणि जानेवारी १९६६ मध्ये गजेंद्रगडकरांनी निकाल दिला. हिंदू म्हणजे कोण, हे ठरवण्यासाठी त्यांनी वेदांपासून संतांपर्यंत आणि षड्दर्शनांपासून लोकमान्य टिळकांनी केलेल्या व्याख्येपर्यंत सगळा फड मांडला. कायद्याच्या वकिलाशी वाद घालता येतो. पण न्यायासनावर संस्कृतचा एम.ए. बसलेला असताना 'आमचं तत्त्वज्ञान वेगळं आहे' म्हणायला जाणं म्हणजे हलवायाला साखरेचा भाव सांगण्यासारखं. सत्संगी हरले. निकालपत्र आजही वाचलं तर मधली कित्येक पानं डेक्कन कॉलेजच्या वर्गात बसल्यासारखी वाटतात, फक्त शेवटी हजेरीऐवजी हुकूम आहे.

विदर्भाने या यादीत आपला माणूस पाठवला तो मॉरिस कॉलेजातून. महंमद हिदायतुल्ला मूळचे रायपूरच्या शाळेचे, पण बी.ए. नागपूरला झाले, १९२६ साली. नागपूर विद्यापीठ तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं; त्याच्या भिंतींचा चुनाही पुरता वाळला नसेल. तिथून ते केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि इंग्रजी व कायदा या दोन्हींच्या परीक्षा देऊन बॅरिस्टर म्हणून नागपूरला परतले. वकिली केली, लॉ कॉलेजात शिकवलं, महाधिवक्ता झाले, नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि मग मुख्य न्यायमूर्ती झाले. समुद्रपूरच्या धुऱ्याचा दावा त्या काळी वर चढत चढत नागपुरात पोहोचला, तर तो शेक्सपिअरचा अभ्यास केलेल्या माणसापुढे जाण्याची शक्यता होती. लिअर राजाने मुलींना वाटण्या कशा चुकीच्या करून दिल्या, हे ज्याला पाठ आहे त्याला भाऊबंदकी नव्याने समजावून सांगावी लागत नाही.

पण साहित्याच्या विद्यार्थ्याकडून साहित्यिकांनी फार आशा ठेवू नये. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावर 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात १९६४ साली हिदायतुल्लांसमोर आला. इंग्लंडात चारच वर्षांपूर्वी ज्यूरीने हेच पुस्तक निर्दोष सोडलं होतं. मुंबईच्या त्या दुकानाचं नाव 'हॅपी बुक स्टॉल'. पाच न्यायमूर्तींच्या पीठासाठी निकाल हिदायतुल्लांनी लिहिला, पुस्तकाचा लेखक लॉरेन्स याची थोरवी त्यांना माहीत होती, कादंबरी त्यांनी जाणकारासारखी तपासली, आणि शिक्षा कायम केली. दुकानाच्या नावातला आनंद तिथेच संपला. उलट 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेली चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६९ साली त्याच न्यायालयातून निर्दोष सुटली. इंग्रजीचा एवढा मोठा लेखक अडकावा आणि 'रंभा'चा लेखक सुटावा, यात मराठी वाचकाने थोडा आनंद मानायला हरकत नाही.

सरन्यायाधीश झालेल्या चंद्रचूड पितापुत्रांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या पदव्यांकडे फारसं कोणी पाहत नाही. वडील यशवंतराव एल्फिन्स्टनमधून इतिहास आणि अर्थशास्त्र घेऊन १९४० साली बी.ए. झाले. चिरंजीव धनंजय दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून अर्थशास्त्र आणि गणित घेऊन १९७९ साली. अर्थशास्त्र दोघांत समाईक. ते वजा केलं की वडिलांच्या हाती उरतो इतिहास आणि मुलाच्या हाती गणित. आता पुढचं पाहा. आणीबाणीतल्या बंदिवानांच्या खटल्यात १९७६ साली वडील सरकारच्या बाजूने गेलेल्या बहुमतात होते. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या निकालात मुलाने तो निर्णय चुकीचा होता असं लिहिलं. व्यभिचाराच्या कलमाबाबत १९८५ साली वडिलांनी ते कलम टिकवलं. २०१८ साली ते रद्द करणाऱ्या पीठात मुलगा होता. थोडक्यात, वडिलांनी इतिहास घडवला आणि मुलाने वही तपासून बेरीज दुरुस्त केली. घरात गणिताचा मुलगा असला की असे प्रसंग यायचेच. बहुतेक घरांत ते किराण्याच्या बिलावरून येतात.

काही घरांत मात्र शाखा कोणती, हा प्रश्न पडतच नाही. नागपूरचे शरद बोबडे २०१९ साली सरन्यायाधीश झाले. त्यांचे आजोबा वकील, वडील अरविंद बोबडे राज्याचे महाधिवक्ता. अशा घरात बी.ए. ही पदवी म्हणजे दिवाणखान्यात जाण्याआधीची पडवी. कोणत्या लाकडाची आहे हे कोणी विचारत नाही.

अमरावतीचे भूषण गवई यांच्या घरचं प्रकरण वेगळं. नगरपालिकेच्या शाळेत सुरुवात, पुढे मुंबईत शिक्षण, मग वाणिज्य शाखेची पदवी आणि अमरावती विद्यापीठातून कायदा. १९८५ साली सनद. टपरीवरच्या कॉमर्सवाल्याने हे नाव वापरलं असतं, तर त्याने बाजी मारली असती. पण खरी गोष्ट त्याहून गोड आहे. सरन्यायाधीश झाल्यावर जून २०२५ मध्ये नागपूरच्या सत्कारात गवई यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की त्यांना व्हायचं होतं वास्तुविशारद. वडिलांना, म्हणजे रा. सू. गवई यांना, स्वतः वकील व्हायचं होतं. स्वातंत्र्यलढ्यात अटक झाली आणि ते राहून गेलं. मग ते मुलाच्या वाट्याला आलं. विदर्भातल्या कितीतरी पोरांनी ते भाषण ऐकून आपापल्या बापाकडे तिरक्या नजरेने पाहिलं असेल.

मात्र घरं बांधण्याची हौस अशी मरत नाही. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझरने घरं पाडण्याच्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तो गवई यांनी लिहिलेला. आरोपी आहे म्हणून कोणाचं घर पाडता येणार नाही आणि बेकायदा बांधकाम असलं तरी पंधरा दिवसांची नोटीस द्यावीच लागेल, असं त्यात ठरलं. सुरुवातच घराविषयीच्या एका हिंदी कवितेने होते. ज्याला नकाशे काढायचे होते त्याने निदान भिंती वाचवल्या. आणि हिशेबही सुटला नाही: २२ मे २०२५ रोजी त्यांच्याच पीठाने पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाचा जुना गुंता हाती घेतला, शहाऐंशी हजारांहून जास्त हेक्टरांचा. त्यात वर्धा जिल्हाही आला. गिरडकडच्या रानातून जाणाऱ्याला झुडूप दिसतं. कागदावर ते वन आहे की महसुली जमीन, हे ठरायला बी.कॉम. झालेला माणूस दिल्लीत बसावा लागला.

मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्ती राहिलेल्या सुजाता मनोहर ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र हा तिहेरी फेटा बांधून आलेल्या. ठाण्याचे अभय ओक विज्ञानाचे पदवीधर, अजय खानविलकर वाणिज्याचे. टपरीवरच्या प्रत्येकाचा एकेक साक्षीदार निघतो, म्हणून तर तो खटला कधी निकालात निघत नाही.

साहेबांच्या देशातही हाच गोंधळ आहे, उलट थोडा जास्तच. विसाव्या शतकातले सगळ्यांत गाजलेले इंग्रज न्यायाधीश लॉर्ड डेनिंग ऑक्सफर्डला गणितात पहिल्या वर्गात आले, एका शाळेत वर्षभर गणित शिकवलं आणि मग कंटाळून कायद्याकडे वळले. लॉर्ड न्यूबर्गर रसायनशास्त्राचे. पुढे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष झाले. लॉर्ड सम्प्शन मध्ययुगीन इतिहास शिकवत होते, आणि न्यायासनावर बसूनही इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाचे जाडजूड खंड लिहीत राहिले. आपल्याकडच्या वाटणीच्या दाव्यांचा अनुभव असलेल्याला शंभर वर्षं काही फार वाटणार नाहीत. अमेरिकेचे हॅरी ब्लॅकमन हार्वर्डचे गणिती. गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा प्रसिद्ध निकाल त्यांनी लिहिला तेव्हा नऊ महिन्यांना तिनाने भाग दिला आणि दर तिमाहीला वेगळा नियम लावला. भागाकार बिनचूक होता. तरी २०२२ साली तो निकाल फिरवला गेला.

आपले सरन्यायाधीश सर्व मित्र सिक्री विलायतेला गेले होते डॉक्टर व्हायला. वैद्यकी सोडून ते कायद्यात आले आणि १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही असं सांगणारं बहुमत त्यांच्या अध्यक्षतेखाली झालं. म्हणजे शरीरशास्त्र पुरतं वाया गेलं नाही, कणा कुठे असतो ते लक्षात राहिलं. त्यांच्या आधीचे मेहरचंद महाजन लाहोरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला बसले होते. वडिलांनी उठवून कायद्याला पाठवलं. अमरावती असो की पंजाब, मुलाच्या प्रवेश-अर्जावर सही मुलाची आणि अक्षर बापाचं.

पदवीच नसलेल्यांचं काय? ती बाजूही महाराष्ट्रात भक्कम आहे. न्याय म्हटलं की मराठी माणसाच्या ओठावर पहिलं नाव येतं ते माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचं, आणि रामशास्त्री कोणत्याच विद्यापीठात नव्हते. तरुणपणी साताऱ्याच्या सावकाराकडे नोकरीला असताना मालकाच्या कानातल्या भिकबाळीकडे पाहत राहिल्यावरून बोलणी बसली आणि त्या रागात ते काशीला जाऊन शास्त्र शिकून आले, असं सांगतात. हल्ली कोणी बोललं तर लोक परिस्थितीवर स्टेटस ठेवतात.

वर्धा जिल्ह्यात तर दाखल्यांचा विषय काढणंच धोक्याचं. सेवाग्रामचे बापू मॅट्रिकनंतर भावनगरच्या सामळदास कॉलेजात एक सत्र काढून कंटाळले आणि बी.ए. न होताच लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. पवनारच्या विनोबांनी तर आपली प्रमाणपत्रं पेटवून दिली. जिल्ह्यातल्या दोन सगळ्यांत मोठ्या माणसांची ही शैक्षणिक पार्श्वभूमी. कोणत्याही वर्धेकर बापाने पोराला 'थोरांचा आदर्श ठेव' म्हणण्याआधी घरातली काडेपेटी लपवून ठेवावी.

याच वर्ध्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये शहाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. मूळचे बीडचे, मराठीचे एम.ए., वकिलीत शिरण्याआधी कॉलेजात मराठी शिकवलेले, मग उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि निवृत्तीनंतर परत लेखनाच्या टेबलाशी. १८७८ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्ष रानडेही न्यायखात्यातलेच होते. मधल्या काळात कवी, कादंबरीकार, समीक्षक असे पुष्कळ अध्यक्ष होऊन गेले, पण संमेलनातले वाद ऐकून घ्यायला न्यायमूर्तीच बरा, हे मराठी माणसाला सुरुवातीपासून कळत होतं असं दिसतं. समुद्रपूर तालुक्यातून त्या संमेलनाला गेलेल्यांनी मंडपात पुस्तकं घेतली, झुणका-भाकर खाल्ली आणि घरी आल्यावर पोराला सांगितलं, "पाह्य, मराठी घेऊनबी जज्ज होते मानूस." पोरगा म्हणाला, "मंग घेऊ का मराठी?" यावर घरात शांतता पसरली.

आता बारावीनंतर लगेच पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आलेला आहे. नागपूरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१६ पासून चालतं. तिथे सतराव्या वर्षी आत शिरलेला मुलगा बाविसाव्या वर्षी वकील होऊनच बाहेर पडतो. सोय मोठी आहे. पण या सोयीत शेतकी कॉलेजचा तारकुंडे बसत नाही, संस्कृतचा गजेंद्रगडकर बसत नाही, गणित शिकवून कंटाळलेला डेनिंगही बसत नाही, आणि ते आपलं नुकसान आहे असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. वाट चुकून आलेली माणसं रस्त्यात काहीतरी उचलून आणतात. सरळ आलेल्याच्या खिशात फक्त तिकीट असतं. आणखी एक गोष्ट पोरांना आधीच सांगून ठेवावी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय, की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षांची वकिली हवीच. तेव्हा बुलेटवर 'न्यायाधीश' लिहून घेण्याची घाई नको.

तीन वर्षांच्या एल्एल.बी.चा जुना रस्ता अजून उघडा आहे. टपरीवरच्या त्या बापाने अर्ज भरायला घेतला, की त्यात पदवीच्या शाखेसमोर कला, वाणिज्य, विज्ञान, शेती, काहीही लिहिलेलं चालतं. टक्के मात्र खुल्या गटाला पंचेचाळीस लागतात.